डोंगल हरवला, अंक राहिले

मंडळाचे जुने दिवाळी अंक वेबसाइटवर ठेवायचे, असा ठराव गेल्या वर्षी गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये झाला आणि "ती कंप्युटरमध्येच आहे ना" एवढ्या एका निकषावर ते काम माझ्या गळ्यात पडले. मंडळाच्या मीटिंगांचा अनुभव असलेल्यांना पुढचे सांगायला नकोच. बटाटेवडे संपले, जबाबदारी उरली.

१९९४ ते २००८ असे पंधरा अंक काकांनी जवळजवळ एकहाती जुळवले होते. काका म्हणजे कोण, हे आपल्या बॉस्टन परिसरातल्या जुन्या मंडळींना सांगावे लागणार नाही. नाव छापायचे नाही अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून नुसते काका. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी बुटाचे एक खोके माझ्या हातात ठेवले. आत फ्लॉप्या, झिप डिस्का, काही सीडीज, आणि प्रत्येकीवर त्यांच्या सुबक अक्षरात वर्ष. छापील प्रती विचारल्या तर बारा वर्षांच्या मिळाल्या. १९९४, १९९८ आणि २००१ या तीन वर्षांची एकही प्रत कुणाकडे नव्हती. "सगळ्या भारतात पाठवल्या गं. प्रत्येकाला आपलं नाव पुण्याला दाखवायचं असतं," काका म्हणाले.

नेमके याच तीन अंकांत काकूंचे लेख होते. बाकीच्या अंकांतही होते, पण ते छापील मिळाले. काकू जाऊन दोन वर्षे झाली. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, पण आजीने लिहिलेले सगळे एकत्र हवे आहे, इंग्रजी भाषांतर करून घ्यायचे आहे. म्हणजे वेबसाइट हे निमित्त. खरे काम हे होते.

पंचवीस डॉलरला बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, २००१ ची फाईल उघडली, आणि पडद्यावर आली डोक्यावर टिंबे असलेली जर्मन अक्षरे, डॉलरच्या खुणा, उलटे प्रश्नचिन्ह, मधूनच एखादे कॅपिटल एस. एकही मराठी अक्षर नाही.

तरुण वाचकांसाठी थोडे मागे जायला हवे. आज आपण फोनवर "आलेच पाच मिनिटांत" असे देवनागरीत टाइप करतो आणि ते पुण्यात, दुबईत, मॉरिशसमध्ये तसेच दिसते, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. देवनागरीला ही जागा १९९१ सालीच मिळाली होती. त्याच वर्षी भारतातही इस्की नावाचे सरकारी प्रमाण ठरले होते. पण प्रमाण कागदावर असणे वेगळे आणि टेबलावरच्या पीसीत असणे वेगळे. विंडोजला देवनागरी नीट कळू लागली ती विंडोज २००० पासून. मधल्या काळात फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसवली. संगणकाच्या लेखी तुम्ही 'ए' टाइप केला आहे, पडद्यावर मात्र 'क' चे चित्र दिसते. युक्ती झकास होती. आपली वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक कित्येक वर्षे तिच्यावरच चालले. अडचण एवढीच, की कोणत्या घरात कोणते चित्र हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. एकीचा 'क' ही दुसरीची वेलांटी. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे नुसती बाराखडीची रद्दी.

काकांनी तो फॉन्ट पुण्याहून रीतसर पैसे भरून आणला होता. त्याबरोबर एक राखाडी डबी आली होती, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. ती पीसीच्या मागे, प्रिंटरची केबल लागते त्या पंचवीस पिनांच्या तोंडात खोचायची. सॉफ्टवेअर सुरू होताना आधी तिला हाक मारायचे. तिने ओ दिली तर मराठी, नाहीतर नाही. या कुलपाला म्हणतात डोंगल.

"मग तो कुठे आहे?" मी विचारले.

काका जरा गप्प झाले. "घर विकून काँडोत आलो ना, तेव्हा जुन्या केबलींच्या पिशवीत होता. मला वाटलं प्रिंटरचं काहीतरी असेल. मीच टाकला."

मी कंपनीला लिहिले. उत्तर आले, तेही सभ्य भाषेत: ती आवृत्ती आता बंद झाली आहे, तिच्यासाठी मदत मिळत नाही, नवीन आवृत्ती विकत घेता येईल. नवीन आवृत्ती जुनी फाईल वाचेल का? याचे उत्तर मात्र आले नाही. राग आला खरा. काकूंनी लिहिले, काकांनी रात्री जागून जुळवले, मंडळाने छपाईचे पैसे दिले, आणि वाचायची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात.

गंमत म्हणजे याच प्रश्नावर आपल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एक मोठी लढाई होऊन गेली आहे. २००५ साली मी नुकतीच आले होते, एच-फोर व्हिसावर, काम करायची परवानगी नव्हती, म्हणून वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढत असे. त्या सप्टेंबरात राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने जाहीर केले की १ जानेवारी २००७ पासून राज्याच्या कार्यकारी खात्यांतली कागदपत्रे ओपन डॉक्युमेंट नावाच्या खुल्या स्वरूपात किंवा पीडीएफमध्ये ठेवली जातील. विभागाचे प्रमुख होते पीटर क्विन आणि त्यांच्या पाठीशी होते वित्त व प्रशासनाचे सचिव एरिक क्रिस. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारी कागद हा नागरिकांचा आहे. तो पन्नास, शंभर वर्षांनी वाचायचा तर एखाद्या कंपनीची मर्जी आणि तिचे लायसन्स मध्ये येता कामा नये. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये तेव्हा हे खुले स्वरूप चालत नव्हते, त्यामुळे पुढे काय झाले असेल याचा अंदाज करता येईल.

मात्र विरोध नुसता कंपनीचा नव्हता, आणि हे मला तेव्हा कळले नव्हते. दृष्टिहीन कर्मचारी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी जी सॉफ्टवेअर वापरत, ती मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर नीट चालत आणि खुल्या पर्यायांबरोबर अडखळत. त्यांनी विचारले, तुमच्या शंभर वर्षांनंतरच्या वाचकासाठी आम्ही आजच बाहेर बसायचे का? याला तत्त्वाचे उत्तर पुरत नाही. मधल्या काळात क्विन यांच्या परिषदांच्या प्रवासखर्चावर वर्तमानपत्रात बातमी आली, चौकशी झाली, गैर काही आढळले नाही. तरी त्यांनी राजीनामा दिला आणि जानेवारी २००६ मध्ये ते गेले. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने ओपन डॉक्युमेंटच्या जोडीला मायक्रोसॉफ्टचे ओपन एक्सएमएल हे स्वरूपही मान्य यादीत घेतले. कोण जिंकले? राज्यापुरते पाहिले तर कंपनी. पण कंपनीलाही आपले स्वरूप जाहीर करून एका प्रमाण संस्थेकडून मान्य करून घ्यावे लागले, आणि पुढे ऑफिसला ओपन डॉक्युमेंट वाचायला शिकवावे लागले. कुलूप तसेच राहिले, पण किल्लीचा नकाशा बाहेर आला.

या साऱ्याचे मूळही आपल्या गावातच आहे. केंब्रिजमध्ये टेक्नॉलॉजी स्क्वेअरवर एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा होती. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर भेट दिला. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर, कागद अडकला तरी वर बसलेल्याला कळायचे नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरला, कागद अडकला की संबंधितांना निरोप धाडायला शिकवले होते. नव्यालाही तसे शिकवायचे तर त्याचा सोर्स कोड हवा. तो कार्नेगी मेलनमधल्या एका संशोधकाकडे होता, पण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली. त्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी तो नकार मनाला लावून घेतला. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याची अट अशी: हा कोड घ्या, बदला, विकासुद्धा; पण बदललेला कोड दुसऱ्याला द्याल तर त्यालाही हेच सगळे हक्क द्या. म्हणजे कॉपीराइटच्याच कायद्याने कॉपीराइटला बांधून घातले. कुणाच्या अडकलेल्या कागदातून काय निघेल, सांगता येत नाही.

हे सगळे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी चहा ढवळत ऐकून घेतले.

"झालं तुझं? आता माझं ऐक. मी पस्तीस वर्षं चार-पंचाण्णव रस्त्यावरच्या मिनीकंप्युटर कंपनीत काढली. आमचा एक एक प्रोग्राम लायसन्सवर विकला जायचा. त्या पैशात घर झालं, मुलींची कॉलेजं झाली, आणि हे तुझे पंधरा अंक छापायला पहिली दोन वर्षं पैसे कमी पडले ते भरले गेले. कुलूप वाईट, हे म्हणायला सोपं आहे."

"पण काका, आपलाच मजकूर..."

"अगं, ती अक्षरं कुणीतरी बसून काढली होती ना? क्ष, ज्ञ, सगळी जोडाक्षरं, एकेक वळण हाताने. आणि तेव्हा लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांत सगळी सॉफ्टवेअर सीडीवर मिळायची. डोंगल नसता तर त्या पुण्याच्या माणसाने एक प्रत विकली असती, आणि उरलेला महाराष्ट्र त्याच एका प्रतीवर चालला असता."

हे खरेच आहे. मी स्वतः इंजिनिअरिंगला असताना विकत घेतलेले सॉफ्टवेअर पाहिल्याचे आठवत नाही. १९७६ साली तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक जाहीर पत्र लिहिले होते, की तुम्ही आमचे बेसिक न विकत घेता वाटून घेता, मग चांगले सॉफ्टवेअर कोण कशाला लिहील? तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण प्रश्न काकांचाच होता.

"आता मराठी फॉन्ट फुकट मिळतात म्हणतेस. मग अक्षर काढणाऱ्याला पैसे कोण देतो?"

मी सांगितले की मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता हा फॉन्ट खुल्या परवान्यावर आहे, हा अंक हवा तर त्यात जुळवता येईल. गूगलने पैसे देऊन नोटो ही फॉन्टमालिका करवून घेतली, तिच्यात देवनागरीही आहे आणि तीही खुली आहे.

"म्हणजे जाहिरातवाल्यांच्या पैशावर. बरं," काका म्हणाले, "किल्ली या खिशातून त्या खिशात."

मी वाद सोडून कामाला लागले. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या फायली उघडायला लिब्रेऑफिस कामी आले. जुन्या, मालक सोडून गेलेल्या फाईल-स्वरूपांची उकल करणारे काही स्वयंसेवक आहेत, त्यांनी पेजमेकरचीही उकल करून ठेवली आहे. त्या लोकांना मी ओळखत नाही आणि त्यांना काकू ठाऊक नाहीत, पण मजकूर बाहेर आला. पुढचे काम म्हणजे कोष्टक. ज्या वर्षांचे छापील अंक होते ते समोर ठेवायचे, फाईल शेजारी उघडायची, आणि रोमन खुणेसमोर देवनागरी चिन्ह लिहीत जायचे. दोनशेच्या आसपास चिन्हे, तीन शनिवार-रविवार.

नुसत्या अदलाबदलीने भागत नाही, हे कळायला आणखी दोन आठवडे गेले. जुना फॉन्ट चित्रांच्या क्रमाने चालतो. 'दिवाळी' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी द च्या आधी दिसते म्हणून ती आधीच साठवलेली. युनिकोडमध्ये ती द च्या नंतर येते. 'वर्ष' मधला रफार चित्रात शेवटी, उच्चारात मात्र ष च्या आधी. प्रोग्रामला हे एकेक शिकवावे लागले. शिकवले, चालवले, आणि १९९८ चा अंक मराठीत दिसू लागला. मी छापून काकांकडे नेला. त्यांनी जुन्या सवयीने लाल पेन काढले.

काकूंचा लेख होता लहानपणच्या सह्याद्रीतल्या भटकंतीवर. दुसऱ्याच परिच्छेदात काकांचे पेन थांबले. "सह्याद्रीच्या दर्या? समुद्र कुठून आला इथे? तिने दऱ्या लिहिलं होतं. मीच टाइप केलं होतं." आपला तो अर्धा, आडवा र माझ्या प्रोग्रामने सरसकट रफार करून टाकला होता. हिंदीवाल्यांना हा र लागत नाही. मराठीत तो चुकला की डोंगरात समुद्र शिरतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. त्या अंकात अशा चौतीस जागा निघाल्या. काकांनी सगळ्या शोधल्या, आणि त्या निमित्ताने तो लेख चार वेळा वाचला. मी काही बोलले नाही.

प्रोग्राम चालू लागल्यावर प्रश्न आला, तो कुठल्या परवान्यावर द्यायचा? इतर मंडळांकडेही अशी खोकी असणार. माझा मुलगा म्हणाला, "आई, एमआयटी परवाना लाव, सगळे तोच लावतात." तो सुटसुटीत आहे: नाव ठेवा आणि काहीही करा, अगदी बंद डब्यात घालून विका. मला जीपीएल हवा होता. कुणी हे कोष्टक घेऊन सुधारले तर सुधारणा त्या पुढच्या माणसालाही मिळावी. काकांना वाटले जीपीएल म्हणजे विकायला बंदी. ती नाही. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने चाळीस वर्षे गोंधळ घातला आहे. आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे.

मी आग्रही का होते, त्याला ऑफिसातले एक कारण होते. रेडिस नावाची एक प्रणाली आहे. आपण स्वयंपाक करताना दर वेळी कोठीघरात जात नाही, मिसळणाचा डबा हाताशी ठेवतो; वेबसाइटसाठी रेडिस म्हणजे तो डबा. सिसिलीतल्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ती २००९ मध्ये लिहिली आणि बीएसडी या अगदी सैल परवान्यावर दिली. जगभरच्या प्रोग्रामरनी तिच्यात भर घातली. ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांनी ती सेवा म्हणून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि चांगले पैसे केले. रेडिसमागच्या कंपनीला वाटले, राबतो आम्ही आणि दुकान यांचे. मार्च २०२४ मध्ये तिने परवाना घट्ट केला. मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये असेच केले होते. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडमधून वाल्की नावाचे वेगळे घर निघाले, ॲमेझॉन आणि गूगलच्या पाठबळाने. समुदायाच्या स्वातंत्र्याचा झेंडा जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांच्या खांद्यावर, हे दृश्य मला अजून पचलेले नाही. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा दिला. तोवर बरेच लोक नव्या घरात राहायला गेले होते.

आमच्या ऑफिसला त्या अटी तशा लागू नव्हत्या. तरी वकिलांसह दोन बैठका झाल्या, आणि त्यात माझ्या शेजारी बसलेला एक सहकारी गप्प होता. त्याने अशाच एका प्रकल्पाला वर्षानुवर्षे, रात्री मुले झोपल्यावर, कोड दिला होता. बीएसडी असो की एमआयटी, उद्या कुणी तो बंद डब्यात घातला तर कायद्याने तक्रार करता येत नाही. ती मुभा त्यानेच दिलेली असते. "कायद्याने बरोबर आहे," तो म्हणाला. एवढेच.

काकांना हे सांगितले. ते म्हणाले, "आमची कंपनी बुडाली तेव्हा माझा सगळा कोड कुठल्यातरी गोदामात गेला. मी लिहिलेलं मलाही वाचता येत नाही." मग थोड्या वेळाने, "तुझा तो जीपीएल लाव. पण त्या पुण्याच्या माणसाचा फॉन्ट कुठे वाटू नकोस. त्याचे पैसे एकाच प्रतीचे दिलेत मी." फॉन्ट वाटायचा नव्हताच, आणि कोष्टकात त्याचे एकही अक्षर नाही. तरी मी सूचनेत तसे लिहून टाकले.

चौदा अंक वेबसाइटवर आले आहेत. राहिला १९९४ चा. त्याच्या फ्लॉपीचा पुढचा अर्धा भागच वाचता येतो. संपादकीय आहे, अध्यक्षांचे मनोगत आहे, आणि काकूंचा इथल्या पहिल्या हिवाळ्यावरचा लेख सुरू होतो. पहिला बर्फ पडतो, काकू नऊवारीची घडी करून ट्रंकेत ठेवतात, दार उघडतात, आणि तिथे फाईल तुटते.

तो अंक कुणाच्या बेसमेंटमध्ये, किंवा पुण्या-मुंबईच्या माळ्यावर असेल तर जरूर पाहावे. मुखपृष्ठावर मेपलच्या पानांची रांगोळी आहे, पाने अठ्ठेचाळीस. प्रत परत करण्याची जबाबदारी माझी. काकांचे वय ब्याऐंशी आहे, आणि लाल पेन त्यांनी अजून खिशातच ठेवले आहे.